राणीचा जमाखर्च

माणसांच्या दोन जाती असतात. पहिली, आधी खर्च करून मग हिशेब लिहिणाऱ्यांची. दुसरी, आधी हिशेब करून मग खर्चच न करणाऱ्यांची. पहिल्या जातीची माणसे हसतमुख असतात, त्यांच्या घरी पाहुणे फार येतात, आणि महिनाअखेरीस ती दुसऱ्या जातीच्या माणसांकडे उसने मागायला जातात. मी दुसऱ्या जातीतला. आमच्या घरी जमाखर्चाची लाल बांधणीची वही आहे. ती आईने सुरू केली आणि तिचे डोळे अधू झाल्यावर माझ्याकडे आली. दर पाडव्याला जुनी वही मिटायची आणि नवीच्या पहिल्या पानाला हळदकुंकवाचे बोट लावायचे, हा आमच्या घरचा रिवाज. कोथिंबिरीच्या जुडीपासून वडिलांच्या शेवटच्या आजारातल्या रिक्षाभाड्यापर्यंत सगळे त्या वह्यांत आहे.

तुम्ही म्हणाल, दिवाळीच्या फराळाबरोबर हा मास्तर आम्हाला हिशेबाची वही का वाढतो आहे? तर त्याचे कारण असे की, २०२२ सालापासून या वहीत एक नवे खाते उघडले गेले. खात्याच्या माथ्यावर आमच्या मुलीच्या गोल गोल अक्षरात ‘राणी’ असे लिहिलेले आहे. राणी ही आमची कुत्री.

धर्मराजाने आपल्यामागे आलेले कुत्रे सोडून स्वर्गात पाऊल टाकायचे नाकारले, ही गोष्ट मी वर्गात अनेकदा रंगवून सांगितली आहे. सांगताना माझा गळाही दाटून येतो. पण धर्मराज त्या वेळी राज्य, घरदार, सगळे सोडून निघाला होता. त्याला सातारा शहरातल्या एका विनाअनुदानित शाळेत, अठरा हजार रुपयांत, महिना काढायचा नव्हता. मला काढायचा होता. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. हात ब्रशवर बसलेला, म्हणून मुलांना चित्रकला शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. चित्रकलेच्या तासाला मुले गणिताचा गृहपाठ करतात, आणि कादंबऱ्यांचे मानधन आमच्या घरी ‘किरकोळ जमा’ या सदरात पडते. यावरून आमच्या ऐपतीचा अंदाज वाचकांनी करावा.

२०२२ च्या जुलैतला एक शुक्रवार. साताऱ्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना जुलै म्हणजे काय ते सांगायला नको. शाळा सुटली आणि सायकली ठेवायच्या शेडपाशी मुलांचा घोळका दिसला. आत गोणपाटावर दोन पिल्ले होती. दीड महिन्यांची असतील. शिपाईमामा म्हणाले, “सर, ह्यांची आई काल राती ट्रकखाली गेली. ही दोन तेवढी राहिली.”

एक पिल्लू काळे, कपाळावर पांढरा ठिपका. ती मादी. दुसरे तांबूस, चारी पाय पांढरे. तो नर. मुलांनी काठ्या-दगडांचे खेळ सुरू करू नयेत म्हणून मी काळ्या पिल्लाला उचलायला गेलो. तिने माझ्या अंगठ्याच्या बुडाशी दात रोवले. दुधाचे दात सुईसारखे असतात. रक्ताची धार लागली. तांबूस पिल्लू चावले नाही. ते थरथरत पुढे आले आणि त्याने माझ्या चपलेवर हनुवटी टेकली.

शाळेच्या नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे हात धुतला. कुत्रे चावले तर औषधाआधी हेच करायचे असते, हळद-मिरची भरायची नसते, एवढे विज्ञानाच्या बाईंमुळे ठाऊक होते. मग सरकारी रुग्णालयात गेलो. रांगेत उभा असताना मला त्या जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या फ्रेंच मुलाची आठवण झाली. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी त्याला जगातली रेबीजची पहिली लस टोचायला घेतली. त्या मुलाच्या आईने कोणत्या मनाने पोराचा हात पुढे केला असेल! माझे काम त्या मानाने सोपे होते. जखमेत एक इंजेक्शन, दंडावर लस, आणि पुन्हा तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी या, असा कागद हातात मिळाला. पैसे पडले नाहीत. रिक्षाचे मात्र चार खेपांचे ३२० रुपये झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पिल्लू सापडतं ना? मग दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा. त्याला काही झालं तर लगेच कळवा.”

इथे एक कबुली देऊन टाकतो. आमची राणी रस्त्यावरून वाचवून आणलेली आहे, असे सगळे म्हणतात आणि मला पुण्यवान ठरवतात. मी तिला दयेने आणलेली नाही. दहा दिवस लक्ष ठेवायचे होते, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून आणली. ती चावली म्हणून घरात आली.

खोके उचलले तेव्हा मामा म्हणाले, “ह्यालाबी न्या की सर. जोडीनं ऱ्हातील.”

मी म्हणालो, “दोन परवडणार नाहीत, मामा.”

“बरं, सोमवारपातूर हितंच ठिवतो. मेव्हण्याला इचारून बघतो.”

घरी आमच्या सौभाग्यवतींनी खोक्यात डोकावून एवढेच विचारले, “हे किती दिवस?” मी म्हणालो, “दहा.” त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर दहाव्या दिवसाला पेनने गोल केला. मुलगी सात वर्षांची होती. तिला भावंड नाही. ती खोक्याशेजारी जी बसली ती जेवायलाही उठेना. आईने आपल्या खोलीतून विचारले, “कोण आलंय रे?” मी सांगितले. आई म्हणाली, “येऊ दे. नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागं धावले होते. कोरडी पोळी खाऊ नको म्हणाले.” सौभाग्यवती म्हणाल्या, “त्यांच्या वेळी तूप सातशे रुपये किलो नव्हतं.”

सोमवारी मी शेडकडे गेलो तर गोणपाट रिकामे होते. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, “शनवारी राती भाईर गेला असंल, सर. टेंपोनं उडवला. मीच टाकून आलो लांब.”

मी वर्गात गेलो, फळ्यावर आंब्याचे पान काढले आणि मुलांना ते रंगवायला सांगितले.

घरी मुलीने विचारले, “बाबा, हिच्या भावाचं काय झालं?” मी म्हणालो, “त्याला कोरेगावकडच्या एका शेतकऱ्यानं नेलं.” कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला एका वाक्यावर थांबता येत नाही. मी त्याला मळा दिला, विहीर दिली, दोन म्हशी दिल्या, शेतकऱ्याच्या नातवंडांची सोबत दिली. त्याचे नावही ठेवले, राजा. मुलगी म्हणाली, “मग ही राणी.” अशा रीतीने आमच्या कुत्रीचे नाव माझ्या थापेवरून पडले.

नवव्या दिवशी राणीने खाणे टाकले. रात्री ओकाऱ्या, पहाटे रक्ताची हगवण. अशी दुर्गंधी की वास सगळ्या घरात भरला. माझ्या हाताला तिचे दात लागलेले. आमच्या सगळ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. आईला जुन्या काळची पोटातली चौदा इंजेक्शने आठवली आणि तिने रामरक्षा सुरू केली. मी राणीला टॉवेलात गुंडाळून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी एक चाचणी केली. आपल्या घरी गरोदरपणाची करतात तशीच दिसते, दोन रेघा उमटल्या की रोग आहे. दोन उमटल्या. “रेबीज नाही, पार्वो आहे. माणसाला होत नाही, घाबरू नका.”

पार्वो हे १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेले कुत्र्यांचे दुखणे. त्याचा विषाणू आतड्याचे अस्तर सोलून काढतो. जमिनीत तो कित्येक महिने टिकतो. म्हणून अशा घरात लस न टोचलेले दुसरे पिल्लू लगेच आणू नये, आणि फरशी ब्लीचिंगच्या पाण्याने पुसावी. डॉक्टर म्हणाले, “सलाईन, ओकारी थांबायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक. चार-पाच दिवस रोज आणायचं. रोजचे नऊशेच्या आसपास होतील. जगेलच असं सांगत नाही. मास्तर, घरी विचारून सांगा.”

मी घरी आलो. आमच्या घरी एका पितळी डब्यात नऊ हजार रुपये होते. ते धुण्याच्या यंत्राचे. सौभाग्यवतींनी तीन वर्षे शिवणकामातून ते साठवले होते, दसऱ्याला यंत्र आणायचे होते. साताऱ्याच्या पावसाळ्यात चार माणसांचे धुणे हाताने करणे म्हणजे काय, ते पुरुषांनी एक आठवडा करून पाहावे. मी डब्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. फक्त म्हणालो, “खर्च फार आहे. दहा दिवस तर उद्या संपतातच.”

सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. टॉवेलातले ते ओले गाठोडे त्यांनी बघितले. मग आत गेल्या आणि डबा आणून माझ्या हातात ठेवला. म्हणाल्या, “अहो, चाललात ना? मग उशीर कशाला करता?”

पाच दिवस मी सलाईनची बाटली हातात धरून उभा राहिलो. पुढच्या पायाला सुई, पायाला फळीसारखा पुठ्ठा बांधलेला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, शिरवळला दाखवून या. आपल्या जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे जनावरांचा दवाखाना आहे, हे मला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. शेजारच्या आप्पांनी आपली ओम्नी काढली. खंबाटकीचा बोगदा ओलांडेपर्यंत राणीची जीभ पांढरी पडली होती. तिथल्या शिकाऊ मुलामुलींनी तिला ज्या मायेने हाताळले ती पाहून मला माझ्या वर्गातल्या वांड पोरांविषयीही आशा वाटू लागली. पाचव्या दिवशी तिने दोन चमचे भाताची पेज खाल्ली आणि माझा हात चाटला, तोच अंगठा.

वहीतले ते पान असे आहे: चाचणी ८००, पाच दिवसांचे सलाईन-इंजेक्शन ४,५००, औषधे ६५०, शिरवळचे पेट्रोल आणि टोल १,१००, तिथली चिठ्ठी २००. एकूण ७,२५०. कालनिर्णयावरचा गोल तसाच राहिला. तो दिवस कधी उलटला हे कुणाच्या लक्षातही आले नाही.

त्यानंतरचा खर्च मी थोडक्यात सांगतो, कारण पिल्लू आणण्याचा विचार करणाऱ्या पुष्कळ वाचकांना तो कुणी सांगत नाही. पिल्लू फुकट मिळते. फुकट मिळते ते एवढेच. पार्वो, डिस्टेंपर वगैरेंची एकत्र लस आमच्याकडे ७५० ची, ती लहानपणी दोनदा. रेबीजची २५० ची, तिसऱ्या महिन्यानंतर. पुढे दरवर्षी दोन्ही एकेकदा. जंताचे औषध दर तीन महिन्यांनी. गाईचे दूध पिल्लांना बाधते, असे डॉक्टरांनी सांगितले, त्यामुळे दहीभात, अंडे, आणि कोंबडीवाल्याकडची पाय-मान उकडून. आमचे घर शाकाहारी. ते शिजवायला अंगणात वेगळी चूल मांडली. आई पहिल्या दिवशी म्हणाली, “मला वास येत नाही,” आणि आजतागायत तिला तो येत नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये पिल्ले होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रिया केली: ५,५०० रुपये, आणि टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घालायच्या कर्ण्याचे ३५०. हा खर्च मला सर्वांत जड गेला आणि आज तोच सर्वांत शहाणपणाचा वाटतो. सायकलशेडमधली दोन पिल्ले तिथे का आली होती, याचे उत्तर त्याच एका ओळीत आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात गोचीड-ताप झाला. रक्ततपासणी, अठ्ठावीस दिवस गोळ्या, डॉक्टरांच्या खेपा मिळून १,९००. पाठीवर सोडायच्या गोचिडाच्या औषधाचे वेगळे १,४००. पट्टा, साखळी, ताटली, शांपू आणि नुकसानभरपाई मिळून २,९००. नुकसानभरपाईत सौभाग्यवतींच्या दोन चपला आणि माझ्या कादंबरीचे आठवे प्रकरण येते. ते तिने इतके बारीक चघळले होते की, पुन्हा लिहावे लागले. लिहिताना ते तीन पानांनी कमी झाले. आठव्या प्रकरणाविषयी प्रकाशकांची तक्रार आली नाही. बाकीच्या सगळ्या प्रकरणांविषयी आली.

दिवाळी हा राणीचा सर्वांत वाईट सण. आपल्या कानाला वीस हजार कंपनांपलीकडचा आवाज ऐकू येत नाही. कुत्र्याच्या कानाला त्याच्या दुप्पट वरचाही येतो, आणि आपल्याला ऐकू येणारा आवाजही त्याला फार लांबून येतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती आईच्या पलंगाखाली शिरते आणि थरथरत राहते. पाण्यालाही तोंड लावत नाही. सौभाग्यवती खिडक्या लावून, रेडिओ मोठा करून, तिच्याजवळ सतरंजीवर बसतात. आमच्या घरचा पहिला फटाका २०२२ पासून वाजलेला नाही. आणखी एक गोष्ट गृहिणींनी ध्यानात ठेवावी. रव्याच्या लाडवातला बेदाणा आपल्याला गोड, पण कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष. फराळाचे ताट उंच ठेवावे आणि प्रेमाने भरवू पाहणाऱ्या पाहुण्यांना आधीच सांगावे.

आता २०२४ च्या दिवाळीकडे येतो.

मुलगी नऊ वर्षांची झाली होती. तिने कुठेतरी वाचले की, नेपाळात दिवाळीच्या दिवसांत एक दिवस कुत्र्यांचा असतो. त्यांच्या कपाळाला टिळा लावतात, गळ्यात झेंडूच्या माळा घालतात, त्यांना गोडधोड खाऊ घालतात. मग तिच्या डोक्यात आले की, राणीला तर सख्खा भाऊ आहे. आपल्याला नाही, पण राणीला आहे! आमच्याकडे भाऊबीजेला ती दरवर्षी चंद्राला ओवाळते. ज्या मुलीला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचे, अशी आपल्याकडे रीत आहे. तिने २०२२ मध्येही कोरेगावला जायचा हट्ट धरला होता. तेव्हा मी म्हणालो, राणी अजून अशक्त आहे. २०२३ मध्ये म्हणालो, गाडी नाही. या वेळी पाडव्याच्या संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात झेंडूची छोटी माळ.

“बाबा, उद्या कोरेगावला जायचं. आप्पाआजोबांना मी विचारलंय, ते ओम्नी काढणार आहेत. राजासाठी आईनं बिनबेदाण्याचा लाडू केलाय.”

मी सौभाग्यवतींकडे पाहिले. त्यांनाही मी मळा आणि म्हशीच सांगितल्या होत्या. समोर पाडव्याची नवी वही होती. हळदकुंकवाची बोटे लावून झाली होती. राणी पलंगाखालून नाक बाहेर काढून बघत होती. मी चार कादंबऱ्या लिहिल्या, पण त्या वेळी मला एक वाक्य सुचले नाही.

मी म्हणालो, “राजा नाही, बाळ. तो त्या शनिवारीच गेला. शाळेसमोर.”

ती काही बोलली नाही. माळ तिने फ्रॉकच्या खिशात घातली. बऱ्याच वेळाने म्हणाली, “तुम्ही त्याला का नाही आणलंत?”

“दोन परवडले नसते.”

“किती झाले असते?”

हा प्रश्न इतका सरळ होता की, मी जुनी वही काढली. आम्ही दोघे जमिनीवर बसलो. राणीचे खाते तिने वाचले, मी बेरीज केली. पार्वो ७,२५०, तीन वर्षांच्या लशी ३,७५०, शस्त्रक्रिया ५,८५०, गोचिडांपायी ३,३००, जंताचे औषध ५४०, किरकोळ २,९००, आणि खाणे महिना सरासरी १,२०० प्रमाणे सत्तावीस महिन्यांचे ३२,४००. एकूण ५५,९९०. दिवसाला अडुसष्ट रुपये पडतात. मी म्हणालो, “हे बघ. याच्या दुप्पट कुठून आणले असते?”

ती म्हणाली, “एकदम नसते लागले. सगळ्यांत आधी काय लागलं?”

“आजारपण.”

“त्याला पण झालं असतं?”

“जोडीनं राहिली असती तर बहुधा झालंच असतं.”

तिने पेन्सिल घेतली. ७,२५० ची दुप्पट केली, १४,५००. मग म्हणाली, “शिरवळला गाडी एकच गेली असती ना?” आणि १,१०० वजा केले. १३,४००. “आईच्या डब्यात नऊ हजार होते. तुमच्याकडे किती होते?”

वही माझ्याच अक्षरात होती. त्याच जुलैत, चार तारखेला, ‘किरकोळ जमा: कादंबरीचे मानधन ५,०००’. ते पैसे बँकेत होते. कशासाठी ठेवले होते ते आता आठवतही नाही.

तिने चौदा हजारांतून वजाबाकी केली. “सहाशे उरले असते, बाबा.”

ती हे टोचून म्हणाली नाही. उदाहरण सुटल्यावर मुले उत्तर सांगतात तसे तिने सांगितले. पण वाचकहो, गेली वीस-बावीस वर्षे स्वतःला हिशेबी म्हणवणाऱ्या या माणसाला तेव्हा प्रथमच कळले की, त्या शुक्रवारी शेडपाशी ‘परवडणार नाही’ असे म्हणताना आपण एकही आकडा मांडला नव्हता. पार्वो ठाऊक नव्हता, सलाईन ठाऊक नव्हते, खाण्याचा खर्च ठाऊक नव्हता. मला नुसती भीती वाटली होती आणि त्या भीतीला मी हिशेब असे नाव दिले होते. खरोखर आकडे मांडून मी ‘नाही’ म्हटले असते, तर ते लाजेचे नव्हते. सगळ्यांनाच सगळे जमत नाही. एक आणून उपाशी मारण्यापेक्षा न आणणे बरे. पण मी मांडले नव्हते. जो चावला तो घरात आला आणि ज्याने चपलेवर हनुवटी टेकली तो बाहेर राहिला. त्याचा खर्च माझ्या वहीत कुठेच नाही.

सौभाग्यवती इतका वेळ गप्प होत्या. त्या मला म्हणाल्या, “मला तरी सांगायचं होतंत. दोन वर्षं एकट्यानं कशाला वागवलंत?” आणि मग मुलीला म्हणाल्या, “एक आणलं म्हणून एक आहे, बाळ. तेवढं तरी बाबांनी आणलं.” पलीकडून आई म्हणाली, “पोरीला जेवायला घाला आता.”

मुलगी त्या रात्री माझ्याशी बोलली नाही. राणीशेजारी, पलंगाखाली सतरंजी ओढून झोपली.

दुसऱ्या दिवशी ३ नोव्हेंबरला भाऊबीज होती. संध्याकाळी मुलीने ताट केले. निरांजन, सुपारी, अक्षता. मला वाटले, नेहमीसारखी ती आपली चंद्राला ओवाळेल. ती पलंगापाशी गेली आणि राणीचा पट्टा धरून म्हणाली, “चल, फटाके वाजायच्या आत.” राणी पोटावर घसरत बाहेर आली. आम्ही सगळे अंगणात गेलो. आईलाही धरून नेले. यवतेश्वराच्या डोंगरावर बीजेची कोर दिसत होती, नखाएवढी. ती फार वेळ थांबत नाही.

मुलीने राणीच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर कुंकू टेकवले, तिचा पुढचा एक पंजा आपल्या हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने चंद्राला ओवाळले. म्हणाली, “हिची भाऊबीज.” मग स्वतःची वेगळी ओवाळली. झेंडूची माळ तिने कुंपणाच्या खुंटाला अडकवली. मी खिशातून ओवाळणी काढली आणि ताटात टाकली. तिने ती मोजली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “सहाशे?”

“राणीच्या खात्यावर जमा कर,” मी म्हणालो. ते पैसे पुढे शाळेजवळच्या दोन भटक्या कुत्र्यांच्या रेबीजच्या लशीला गेले. डॉक्टरांनी शंभर रुपये परत दिले. वहीत त्याची नोंद आहे.

एवढ्यात पलीकडच्या गल्लीत एक सुतळी बाँब उडाला. राणीने अशी झेप घेतली की, ताट उलटले आणि ती आमच्या पायांतून घरात पळाली. अक्षता वेचून आम्ही आत गेलो. निरांजन कुठे दिसेना म्हणून मुलीने पलंगाखाली वाकून बघितले. राणीने ते तोंडात धरून आत नेले होते आणि कापत कापत का होईना, त्यातले सगळे तूप चाटून पुसून साफ केले होते.

आई म्हणाली, “बघा, नामदेवाला निदान मागं धावावं लागलं होतं.”